टोपले, पेटी आणि ताट: अर्पणाच्या भांड्यांचा अभ्यास



या तिमाहीच्या अभ्यासासाठी अनुवाद 26:1-15, 2 राजे 12:4-16 आणि मार्क 12:38-44 हे तीन उतारे आधी वाचून घ्यावेत. महिला सभेत किंवा तरुण संघात हा पाठ घेणार असाल तर आणखी एक गोष्ट करा. पुढच्या रविवारी आपल्या देवळात अर्पण कशात गोळा होते ते नीट बघून या. थैली आहे, ताट आहे की पेटी? ती कोण फिरवतो? कुणापासून सुरुवात होते? लहानपणापासून डोळ्यांसमोर असलेली वस्तू आपल्याला दिसेनाशी होते. मलाही ती दिसली नव्हती, आणि त्यामुळे माझ्या हातून एक चूक घडली. ती सांगितल्याशिवाय हा पाठ लिहिणे खोटेपणाचे होईल.

मी मूळची नगर जिल्ह्यातली. आमच्या गावच्या देवळात लाल मखमलीची थैली होती, तिला लाकडी दांडा होता. उपासनेला निघताना आई आम्हा भावंडांच्या मुठीत चार-चार आणे ठेवायची. थैली खोल होती, हात मनगटापर्यंत आत जायचा. माझा धाकटा भाऊ कधी कधी नाणे न टाकताच मूठ बाहेर काढायचा आणि दुपारी त्याच्या तोंडात लिमलेटची गोळी असायची. आईला हे ठाऊक होते असे आता वाटते. पण त्या थैलीने त्याला कधी उघडे पाडले नाही. आज तो आपल्या मंडळीचा खजिनदार आहे, एवढे सांगून त्याचा विषय संपवते.

नवापूर तालुक्यातल्या ज्या पाड्यावर मी नऊ वर्षांपासून जाते, तिथली मंडळी लहान आहे, तीसेक घरांची. उपासना कुडाच्या भिंतींच्या, कौलारू खोलीत होते. मी पहिल्यांदा गेले तेव्हा समोर एक लाकडी मेज होते आणि मेजाच्या पायाशी जमिनीवर बांबूचे मोठे टोपले. बारीक दाणा फटीतून गळू नये म्हणून ते शेणामातीने सारवलेले होते. अर्पणाचे गीत सुरू झाले की लोक रांगेने पुढे येत. कुणी पदरात बांधून आणलेली नागली ओतत असे, कुणी तूर, कुणी भात. पावसाळ्यात काकडी, दोडका. कधी दोन अंडी, तीही दाण्यांत अलगद खोचून ठेवलेली. नाणी टाकणारेही असत. पण नाणे दाण्यांत पडले की आवाज होत नाही, ते आत शिरते आणि वर दाणेच दिसतात. ज्याच्याकडे त्या दिवशी काहीच नसे तोही टोपल्यापाशी वाकून दाण्यांना हात लावून परत जात असे. हे मी पाहिले होते. त्याचा अर्थ मात्र लावला नव्हता.

उपासनेनंतर दोन पंच मापट्याने धान्य मोजून वहीत लिहीत. थोडे विकून दिवाबत्तीचा आणि उपदेशकाच्या प्रवासाचा खर्च निघे. बाकीचे कोठीत जाई आणि श्रावणात, म्हणजे जुने दाणे संपलेले आणि नवे अजून शेतात, अशा दिवसांत ज्या घरची चूल थंड असेल त्या घरी ते पोचते होई.

तिसऱ्या वर्षी शहरातल्या एका मंडळीत मी आपल्या कामाची माहिती द्यायला गेले आणि इतर फोटोंबरोबर या टोपल्याचाही फोटो दाखवला. तिथल्या बहिणींना वाईट वाटले. देवाचे अर्पण असल्या टोपल्यात! महिन्याभरात दोन पितळी ताटे आली, घासून लखलखीत केलेली, तळाला लाल मखमल लावलेली. मखमल कशासाठी असते हे आपल्याला माहीत आहेच: नाण्याचा आवाज होऊ नये म्हणून. देणाऱ्यांचे प्रेम खरे होते हे मी आधीच नोंदवून ठेवते. थांबायला हवे होते ते मी. पण मलाच आनंद झाला होता. आता आपले देऊळ देवळासारखे दिसेल, असे वाटले.

ताटे आणली त्या दिवशी वयस्क पंच दादांनी एवढेच विचारले, "आणि दाणे कशात टाकायचे, ताई?"

मी म्हटले, "दाणे बाजारात विकून पैसे आणायचे, दादा. मोजायलाही सोपे जाते."

ते काही बोलले नाहीत. आठवडी बाजारात आमच्या लोकांचे दाणे कोणत्या मापाने मोजले जातात आणि काय भावाने जातात, हे मी त्यांच्याइतकेच जाणून होते. तरीही हे उत्तर माझ्या तोंडून गेले.

आता पवित्र शास्त्राकडे वळू. अनुवादाच्या 26 व्या अध्यायात इस्राएल लोकांना सांगितले आहे की देशात गेल्यावर भूमीच्या पहिल्या उत्पन्नातले काही टोपलीत घालून ते परमेश्वराने निवडलेल्या ठिकाणी न्यावे. याजकाने ती टोपली हातातून घेऊन वेदीपुढे ठेवावी आणि आणणाऱ्याने आपल्या पूर्वजांची हकिकत तोंडाने सांगावी: आम्ही भटके होतो, मिसर देशात गुलाम होतो, परमेश्वराने आम्हाला बाहेर काढले. इथे टोपलीसाठी 'टेने' असा इब्री शब्द आहे. जुन्या करारात तो चारच वेळा येतो, चारही वेळा अनुवादातच. दोनदा या अध्यायात आणि दोनदा 28 व्या अध्यायात, जिथे आज्ञा पाळणाऱ्याच्या घरची टोपली आणि पीठ मळायची काथवट आशीर्वादित होईल असे म्हटले आहे, आणि न पाळणाऱ्याची शापित. म्हणजे वेदीपुढे जाणारी टोपली आणि घरच्या चुलीजवळची टोपली यांना एकच शब्द आहे. देवाने आपल्या मंदिरासाठी वेगळे भांडे बनवायला सांगितले नाही. घरात जे आहे त्यातच घालून आणा, म्हटले.

पुढे मंदिराच्या काळात या टोपल्यांचे काय झाले, ते यहुद्यांच्या मिश्ना या ग्रंथात वाचायला मिळते. इसवी सन 200 च्या सुमारास एकत्र केलेला हा शिकवणीचा संग्रह आहे. त्यात पहिल्या फळांवर 'बिक्कुरीम' नावाचा भाग आहे. डिप्लोमाच्या वर्षी तो माझ्या हाती पडला होता, पण परीक्षेपुरता वाचून मी ठेवून दिला होता. आता पुन्हा काढला. गावोगावचे लोक बासरी वाजवीत यरुशलेमेला येत, आणि मंदिराच्या डोंगरापाशी पोचल्यावर अग्रिप्पा राजासुद्धा आपली टोपली स्वतःच्या खांद्यावर घेऊन आत जात असे, असे त्यात सांगितले आहे. त्याच ठिकाणी दुसरीही गोष्ट आहे. श्रीमंत लोक सोन्याचांदीने मढवलेल्या पात्रांत फळे आणत, गरीब लोक साल सोललेल्या वाळुंजाच्या काटक्यांच्या टोपल्यांत. गरिबांच्या टोपल्या फळांसकट याजकाकडेच राहत. पुढे तालमूद ग्रंथात विद्वानांनी यावर कडवट शेरा मारला आहे: श्रीमंताचे पात्र त्याला परत मिळते, गरिबाची टोपलीही जाते, गरिबी गरिबाच्याच मागे लागते.

पण मला जिथे थांबावे लागले ती ओळ वेगळी आहे. आधीच्या काळी ज्याला ती पूर्वजांची हकिकत पाठ म्हणता येई तो स्वतः म्हणत असे आणि ज्याला येत नसे त्याला याजक सांगत असे. मग ज्यांना येत नव्हते ते लोक फळे आणीनासेच झाले. लाज वाटली म्हणून. तेव्हा ठरवण्यात आले की येणाऱ्याला आणि न येणाऱ्याला, दोघांनाही याजकाने सांगायचे आणि दोघांनीही त्याच्या मागून म्हणायचे. त्या वडीलधाऱ्यांनी लोकांना लाज सोडा म्हणून उपदेश केला नाही, त्यांनी पद्धत बदलली.

आमच्या पाड्यावर फळे आणणे कुणी बंद केले हे मला दीड वर्ष कळले नाही.

ताटे आल्यावर दोन मुले ती ओळीओळीतून फिरवू लागली. वहीतला रोख रकमेचा रकाना भरू लागला, धान्याचा रिकामा पडला. त्या वर्षीच्या अहवालात, याच बातमीपत्रात, मी लिहिले होते की मंडळी स्वावलंबनाकडे वाटचाल करीत आहे. ज्यांच्याकडे जुने अंक आहेत त्यांनी ते वाक्य खोडावे.

एक आजी होती. आधी पहिल्या ओळीत, जमिनीवर पाय पसरून बसायची. ती हळूहळू दाराबाहेर, भिंतीला टेकून बसू लागली. मला वाटले गुडघे दुखत असतील, आत दाटी होते. मी तिच्यासाठी तेलाची बाटलीसुद्धा नेली. अर्पण होऊन प्रार्थना सुरू झाली की ती आत यायची आणि आशीर्वचनाला हात जोडून उभी राहायची. एका रविवारी मला उशीर झाला आणि मीही बाहेर तिच्याजवळ बसले. आत अर्पणाचे गीत चालले होते.

"आजी, चला ना आत," मी म्हटले.

"तू जा. ताट येऊन गेलं की येते मी."

"ताटाचं काय?"

तिने जे उत्तर दिले ते मावचीत होते, मी मराठीत लिहिते. "ताट माझ्यासमोर येऊन थांबतं गं. टोपलं कधी कुणासमोर येऊन थांबत नव्हतं. आपणच त्याच्याकडे जायचो."

तिच्या पदराला गाठ होती. सवयीने आणलेली मूठभर नागली होती त्यात. मखमलीवर नागली कशी ओतणार?

त्यानंतर मी वही घेऊन बसले आणि घराघरांत विचारत फिरले. आणखी पाच बायका अशा निघाल्या. कुणाचे मूल नेमके अर्पणाच्या वेळी बाहेर न्यावे लागे, कुणी गीत संपल्यावरच पोचत असे. आणि वहीतून दुसरीच एक गोष्ट समोर आली. रोख अर्पण सर्वांत जास्त दिवाळीच्या आसपास होते. आपल्याला ठाऊक आहे, या भागातली पुष्कळ घरे दिवाळीनंतर दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जातात आणि जाण्याआधी मुकादमाकडून उचल घेतात. ती उचल पुढे कोयता चालवून फेडायची असते. एका भावाला मी विचारले, तेव्हा तो हसत म्हणाला, "ताई, मी पन्नासची नोट टाकली ती मुकादमाची होती. ताटात दहाची नोट एकटी पडली की बरी दिसत नाही ना." मी ज्याला स्वावलंबन म्हणत होते, त्यात उचलीचे पैसेही होते.

टोपल्यात जे पडत होते ते त्यांच्या शेतातले होते. ते कमी असे, पण त्याच्यावर कुणाचे कर्ज नसे.

दुसरा उतारा पेटीचा आहे, आणि पैशांच्या बाबतीत मला तो फार उपयोगी पडला. योआश राजाच्या कारकिर्दीचे 23 वे वर्ष आले तरी मंदिराची मोडतोड दुरुस्त झाली नव्हती. पैसे येत होते, याजक घेत होते, काम होत नव्हते. तेव्हा यहोयादा याजकाने एक पेटी घेतली, तिच्या झाकणाला भोक पाडले आणि ती वेदीजवळ, आत येताना उजव्या हाताला ठेवली. पेटी भरली की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक दोघे मिळून पैसे मोजत आणि थैल्यांत बांधत. एकट्याने मोजायचे नाही, ही रीत तेव्हापासूनची आहे. या पेटीसाठी इब्रीत 'अरोन' शब्द आहे, कराराच्या कोशासाठी आहे तोच. दगडी पाट्या ठेवायच्या पेटीला आणि सुतार-गवंड्यांच्या मजुरीच्या पेटीला एकच नाव! 13 व्या वचनाकडे विशेष लक्ष द्या. त्या पैशातून मंदिरासाठी चांदीच्या वाट्या, कातऱ्या, कर्णे, सोन्यारुप्याची पात्रे केली नाहीत. ते कामगारांना दिले. दुसऱ्या इतिहासात (24:14) उरलेल्या पैशांतून पात्रे केल्याचे सांगितले आहे, पण दुरुस्ती पुरी झाल्यावर. आधी भिंत, मग भांडी.

याच योआशाच्या पेटीला दुसऱ्या इतिहासाच्या जुन्या ग्रीक भाषांतरात 'ग्लोस्सोकोमोन' म्हटले आहे. मुळात हा शब्द बासरीसारख्या वाद्यांच्या जिभल्या ठेवायच्या डबीचा, पुढे कोणत्याही लहान पेटीला लागला. नव्या करारात तो फक्त योहानाच्या शुभवर्तमानात येतो, दोन ठिकाणी, आणि दोन्ही ठिकाणी ती यहूदा इस्कर्योताच्या हातातली पैशांची पेटी आहे. यावर फार काही लिहीत नाही. प्रत्येक मंडळीच्या खजिनदाराने तेवढे वाचावे, माझ्या भावानेही.

तिसरा उतारा सर्वांना पाठ आहे: गरीब विधवा आणि तिच्या दोन टोल्या. मंदिराच्या भांडाराचे वर्णन मार्काने केलेले नाही, पण मिश्नातल्या 'शकालीम' या भागात ते आहे. मंदिरात शिंगाच्या आकाराच्या तेरा पेट्या होत्या. जुने भाष्यकार सांगतात की त्या वर निमुळत्या आणि खाली रुंद असत. प्रत्येकीवर लिहिलेले असे: नवे शेकेल, जुने शेकेल, पक्ष्यांचे अर्पण, लाकूड, धूप, सोने, आणि सहा पेट्या स्वखुशीच्या दानाच्या. श्रीमंतांची नाणी खणखणत पडली आणि विधवेच्या टोल्यांचा आवाजही झाला नाही, असे वर्णन आपण उपदेशांत पुष्कळदा ऐकले आहे. मार्कात तो खणखणाट नाही. मार्क एवढेच सांगतो की येशू भांडारासमोर बसून लोक कसे टाकतात ते पाहत होता. तिने काय टाकले हे त्याला दिसले. शिष्यांना दिसले नव्हते, म्हणून तर त्याला त्यांना बोलावून सांगावे लागले.

आणि कृपा करून हा उतारा 41 व्या वचनापासून सुरू करू नका. 38 पासून वाचा. त्याच्या लगेच आधी प्रभू शास्त्र्यांविषयी बोलतो, जे लांब झगे घालतात आणि विधवांची घरे गिळतात. आपण विधवेची स्तुती करून ताट पुढे सरकवतो आणि तिचे घर कुणी गिळले हा प्रश्न मागच्या वचनात ठेवून येतो. माझ्यासारख्या, देणगीवर चालणाऱ्या कामात असलेल्या माणसांनी तर तो आधी वाचावा.

त्याच मंदिरात आणखी एक खोली होती, तिचाही उल्लेख 'शकालीम'मध्ये आहे. तिला गुप्तदानाची खोली म्हणता येईल. पापभीरू लोक तिथे गुपचूप काही ठेवून जात आणि चांगल्या घरचे पण गरीब झालेले लोक तिथूनच गुपचूप घेऊन जात. देणारा आणि घेणारा एकाच दाराने जात-येत असल्याने कोण कशाला गेला हे बाहेरच्याला कळत नसे. आमच्या पाड्यावरच्या टोपल्याचे काम बरेचसे असेच होते. दाण्यांना नुसता हात लावून परत जाणारी माणसे मला आता आठवतात.

आपल्याकडे ताट आणि थैली कुठून आली? इंग्लंडच्या मंडळीच्या 1662 च्या प्रार्थनापुस्तकात, गरिबांसाठीचे दान गोळा करायला मंडळीने शोभेसे एक पात्र ठेवावे अशी सूचना आहे. ते पुस्तक जिथे जिथे गेले तिथे ते पात्रही गेले. जर्मनीत लांब दांड्याच्या थैलीला लहान घंटा बांधत. उपदेशात डुलकी लागलेल्यांना तिचा उपयोग होई म्हणतात. आता शहरातल्या मंडळ्यांत क्यूआर कोड लागले आहेत. सोय आहे, हिशेब चोख राहतो. हात दिसत नाही, पण नाव मात्र खजिनदाराच्या फोनवर उमटते, आणि ज्याच्याजवळ तसला फोन नाही तो भिंतीवरच्या त्या चौकोनाकडे पाहत बसतो. मी विरोध करीत नाही. भांडे बदलले की कोण पुढे येतो आणि कोण मागे सरतो ते बदलते, म्हणून पाहत राहावे, एवढेच म्हणते.

भारतातल्याच एका मंडळीकडून शिकण्यासारखे आहे. मिझोराममध्ये, त्या काळच्या लुशाई डोंगरांत, 1910 पासून 'बुहफाई थाम' म्हणजे मूठभर तांदळाचे अर्पण चालत आले आहे. घरातली बाई स्वयंपाकाला तांदूळ घेताना दर वेळी त्यातला एक मूठ वेगळ्या भांड्यात टाकते. मंडळीतल्या बहिणी घरोघरचे तांदूळ गोळा करतात, ते विकले जातात आणि त्या पैशांतून सुवार्तेचे काम चालते. एवढ्या लहान राज्यातून इतके मिशनरी बाहेर पडले त्यामागे या मुठीचा हात आहे. इथे अर्पणाचे भांडे देवळात नाही, स्वयंपाकघरात आहे. पौलाने करिंथकरांना सांगितले होते तसे (1 करिंथ 16:2), ज्याने त्याने आपल्या घरी बाजूला काढून ठेवायचे. देताना पाहायला फक्त चूल असते.

मी मंडळीपुढे उभी राहून चूक कबूल केली. आजीचे नाव अर्थातच घेतले नाही. पण टोपले परत आणणे वाटले तितके सोपे गेले नाही. जुने टोपले कुणीतरी कोंबड्या झाकायला नेले होते. शेजारच्या गावातल्या कोटवालिया कुटुंबाकडून नवे विणून घेतले. ते लोक बांबूचे काम पिढ्यान्‌पिढ्या करतात. त्यांनी बुडाला दुहेरी वीण घातली. सारवायचे काम बायकांनी केले. आणि मग तरुण मुलांनीच आक्षेप घेतला. एक बारावी झालेला मुलगा म्हणाला, "ताई, शहरातल्या मंडळीत ताट, आणि आमच्यात टोपलं? आम्ही काय कायम मागासच दिसायचं?" त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. ताटे आली तेव्हा त्याला विचारले नव्हते, आता टोपले येतानाही मी त्याला विचारले नव्हते.

दोन रविवार यावर बोलणे झाले. तोडगा पंच दादांनी काढला आणि तो योआशाच्या गोष्टीतून काढला, जी मी त्यांना फक्त दुरुस्तीसाठी म्हणून वाचून दाखवली होती. त्या मुलानेच सागाची एक पेटी बनवून घेतली, वर फट, पुढे दोन कुलपे. एक किल्ली दादांकडे, दुसरी महिला सभेच्या बहिणीकडे. टोपले आणि पेटी मेजापाशी शेजारी शेजारी असतात. दोन्ही जागची हलत नाहीत, लोक चालत पुढे येतात. नोट देणाऱ्याची नोट फटीत जाते, ती पन्नासची की दहाची हे कुणाला दिसत नाही. ऊसतोडीची उचल मिळाल्यावर पहिल्या महिन्यात रोख अर्पण देऊ नये, असेही पंचांनी सांगितले. यावर उपदेशकांचे आणि त्यांचे अजून एकमत नाही.

रोख रक्कम कमी झाली आहे, हे आपल्यासारख्या पाठीराख्यांना स्पष्ट सांगायला हवे. धान्य लगेच परत आले नाही. पहिला महिना टोपल्याचा तळ दिसत होता. मग एका रविवारी कुणीतरी भोपळा आणून ठेवला, आणि हसत हसत सगळे सुरू झाले. आजी आता आत बसते, पण दाराजवळ. सवय लागली म्हणते.

हिशेबाचा मात्र प्रश्न आहे. आपल्या पावती पुस्तकात धान्याला रकाना नाही. सध्या आम्ही आठवडी बाजारातल्या त्या दिवसाच्या भावाने किंमत लिहितो आणि वहीत माप वेगळे ठेवतो. गेल्या रविवारची नोंद अशी आहे: नागली सात मापटी, तूर दोन मापटी, भात एक पायली, अंडी पाच, एक कोहळा. श्रावणात कोठीतून किती गेले तेही मापातच लिहायचे ठरले आहे, घरांची नावे न लिहिता. हिशेब तपासनीसांना हे मान्य होईल का, ते मार्चनंतर कळेल.

आपल्यापैकी जे भेटीला येतात त्यांना एक विनंती. उपासनेत पुढे याल तेव्हा पाहुणे म्हणून नोट हातात उघडी धरून येऊ नका. ती पेटीत घाला. जमल्यास घरून निघताना मूठभर तांदूळ कागदात बांधून आणा आणि टोपल्यात ओता.

राहिली ती दोन ताटे. एकाची मखमल आम्ही काळजीपूर्वक काढून ठेवली आहे आणि त्या ताटात आता प्रभुभोजनाची भाकर ठेवतो. ते छान दिसते. दुसरे चिंच लावून घासून, कापडात गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवले आहे. ज्या मंडळीने ती दिली तिथे हे बातमीपत्र जाते. त्यांना हे सगळे मी आधीच कळवायला हवे होते, दोन वर्षे धीर झाला नाही. ताट परत हवे असेल तर कळवावे. वार्षिक सभेला येताना मी ते बरोबर घेऊन येईन.